विरजण

रात्री दहाला फोन वाजतो.
पडद्यावर नाव येतं : ‘विरजण’.
चार वर्षं हेच नाव ठेवलंय,
कारण सासूबाई चष्मा न लावताही माझा फोन वाचतात.

खरं तर तेव्हा मी दोन कामं करायचे.
कोमट दुधात चमचाभर दही,
आणि मसाल्याच्या डब्यामागच्या पाकिटातली
वार छापलेली एक गोळी.
सोमवार गिळायचा. मंगळवार गिळायचा.
हडपसरला माहेरी गेले तरी
शनिवार पर्समध्ये असायचा.

दिवाळी उलटली आणि एक गुरुवार
बोटांतून निसटला, घरंगळत ओट्याखाली गेला.
झाडू होता. टॉर्च होता.
मी वाकले नाही.
शुक्रवारही पाकिटातच राहू दिला.

मकरंदला सांगितलं तेव्हा तो
चाकणच्या बससाठी बूट चढवत होता.
एक पायात, एक हातात, तसाच बसून राहिला.
म्हणाला, “स्कूलव्हॅनवाल्याने पैसे वाढवलेत गं.”
मग बऱ्याच वेळाने,
“पाळणा कुणाकडे दिलाय आपण?”

डॉक्टर शिकलगार बाईंनी कागदावर रेघ ओढून दाखवली.
शरीराला आठवायला वेळ लागतो,
कुणाला महिना, कुणाला सहा.
मी विचारलं, आणि चार वर्षं सांगितलेलं विसरायला?
त्या हसल्या. फॉलिक अॅसिड लिहून दिलं.
म्हणजे पुन्हा गोळी. पुन्हा दहा वाजता.
फोनमधलं नाव बदलायचीही गरज पडली नाही.

धायरीत डिसेंबरची थंडी पडते तेव्हा
दही लागत नाही.
मी भांडं पिठाच्या डब्यात बसवते,
वर मुक्ताचा तान्हेपणीचा स्वेटर,
ज्याची बाही आता माझ्या तीन बोटांना पुरते.
घरात सगळ्यांना बजावते, हलवू नका.
आणि रात्री मीच दोनदा उठते,
झाकण काढून बघते.
हलवलं की पाणी सुटतं, हे माहीत असून.

जानेवारीत आठ दिवस वर गेले.
आठ दिवस मी जिना कठडा धरून उतरले,
सिंहगड रस्त्यावर खड्डा दिसला की
स्कूटरचे दोन्ही पाय जमिनीला लावले,
मागच्यांचे हॉर्न ऐकून घेतले,
पपईच्या गाडीसमोरून मान वळवून गेले,
उगाच, ती काय अंगावर येणार होती.
नवव्या दिवशी बँकेच्या बाथरूममध्ये कळलं.
काउंटरवर परत येऊन नोटा मोजल्या.
चुकल्या. पुन्हा मोजल्या.
समोरचे आजोबा म्हणाले, सावकाश, घाई नाही.

उत्साहावर विरजण पडलं म्हणतात.
हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याने
सकाळी उठून भांडं तिरकं करून
कधी पाहिलं नसणार :
वाहतंय,
की थरथरून जागच्या जागी थांबलंय.

आज अकरा मार्च. सव्वापाच.
मकरंदची बस वारजे पुलावर असेल.
मेडिकलवाल्या पोराने वर्तमानपत्रात गुंडाळून,
वर रबर लावून, माझ्याकडे न बघता दिलेली पट्टी
साबणाच्या डबीशेजारी आडवी.
एक रेघ लगेच आली.
दुसरी इतकी फिकट, की
ट्यूब लावली तर जाते,
विझवली तर असल्यासारखी वाटते.
मी चारदा लावली, चारदा विझवली.
पलीकडून सासूबाई म्हणाल्या,
“लाइट गेली का गं?”

मुक्ता डोळे चोळत ओट्याशी आली,
“वरची साय मला.”
मी डब्यातून भांडं काढलं.
मार्च आला तरी स्वेटर अजून तसाच.
तिरकं करायचा धीर होईना.

“लागलंय?”
“थांब जरा,” मी म्हटलं.
“उजाडू दे.”